बाजाराच्या दिवशीचं मौन

माझा आवाज शाळेत "धावा रे, धावा!" म्हणून ओरडत होता, तेव्हा मी मोहाडीच्या बाजारात वांगी निवडत होते. शाळेतल्या खोलीत आमचे मशीनवाले सर फरशीवर पडले होते, त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि त्यांच्याजवळ माझी नात चंदा एकटी होती. चंदा जन्मापासून बोलत नाही. ती टॅबवरच्या चित्रावर बोट ठेवते, मग टॅबातून शब्द निघतो आणि तो माझ्या आवाजात निघतो. सगळ्या शाळेनं ती हाक ऐकली आणि कोणी जागचं हललं नाही. "आली वाटते म्हातारी. भांडून राहिली कोनासंग तरी," असं ऑफिसात कोणी म्हणालं आणि बाकीचे हसले. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

गोंदिया तोडून जेवढा भंडारा जिल्हा आमच्या वाट्याला उरला, तेवढ्यात या सरांसारखा विक्षिप्त माणूस दुसरा नाही. तिकडच्या तुकड्यातही नसेल. ते राहायचे वरठीला. रोज मोटरसायकलीवर यायचे आणि शाळेचे टॅब बायकोच्या गोधडीत गुंडाळून पोटाशी बांधायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, मास्तराला दिवस गेले. शाळा खासगी. ज्या पोरांना बोलता येत नाही, समजायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी तिथे टॅबांची खोली उघडली तेव्हा दारावर मोठा फलक लागला, फुगे लागले. पण खोलीत बसायला पोरं कमी पडली, म्हणून मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची माझी नातही चालली. सर तिथे लागले आणि पहिल्याच आठवड्यात कंपनीनं टॅबात भरून पाठवलेलं सगळं त्यांनी पुसून टाकलं. मोठ्या मॅडम कपाळाला हात लावून बसल्या.

सरांचं म्हणणं असं की टॅबात बर्फात खेळणारी पोरं होती, लिफ्ट होती आणि एक बाई होती. ती गोड आवाजात म्हणायची, "कृपया मला थोडे पाणी मिळेल का?" सर म्हणाले, "आजी, अशी मराठी बोलनाऱ्याले आपल्या गावात पानी भेटत नाही, पाहुनचार भेटते. चंदाले पाहुनी करून ठेवाचं हाये का मले?" मग त्यांनी आमचा लोटा, आमची बकरी, आमचं जाळं, शाळेची गाडी अशा सगळ्यांचे फोटो काढले आणि आवाजासाठी माझ्याकडे आले. मी आयुष्यभर डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासे विकले. माझी हाक गावाच्या एका टोकाच्या आखरावरून निघाली की दुसऱ्या आखरावरची मांजर उठून बसते. सरांना तोच आवाज पाहिजे होता. वारा लागू नये म्हणून ते मोबाईलला लहान पोराचा पायमोजा घालायचे. तो मोजा माझ्या तोंडापुढे धरून म्हणाले, "म्हना, मले पानी दे."

"कोनाले म्हनू?"

"मोबाईलले."

"मोबाईल पानी देते का?"

"आजी, तहान लागल्यावानी म्हना ना वो."

मी म्हटलं, मला तहान नाही. तर या माणसानं ओसरीवर बसून दुपारपर्यंत मला पाणी पिऊ दिलं नाही. मग मी जे बोलले, ते अजून टॅबात आहे. त्याच्यापुढे एक शिवीही होती, ती त्यांनी कापली.

असे किती शब्द भरले. भूक, झोप, दुखते, नको, चहा, सर, आजी. मदतीला बोलवायच्या लाल बटणासाठी मला म्हणाले, "तलावात कोनी बुडून राहिलं असं समजून वरडा." मी ओरडले आणि शेजारच्या घरातले दोघे खरंच तलावाकडे पळाले. सर खूश. चंदाला गाडी जोरात पळाली की भीती वाटते, म्हणून एका बटणात भरलं, "हळू चालव रे, मसनात जाचं हाये का?" चंदा ते रोज वापरायची. गाडीवाला मला म्हणायचा, "आजी, तुमी घरी राहून बी माह्या मानेवर बसता." पण वेग कमी करायचा.

सरांचा एक कायदा होता. टॅब बोलला की टॅबाकडे पाहायचं नाही, पोराकडे पाहायचं. शाळा पाहायला पाहुणे आले की ते चंदाच्या हातातल्या टॅबाचं कौतुक करायचे, "वा, काय बोलतो!" सर लगेच आडवे यायचे. "टॅब नाही बोलला साहेब. हे पोरगी बोलली. तिले जबाब द्या." एकदा एका पाहुण्याला त्यांनी चंदाकडे तोंड करून "हो बेटा, चहा घेतो," असं पुन्हा म्हणायला लावलं. मॅडमांना घाम फुटला. मला वाटायचं, मास्तराला थोडं कमी आहे.

आणि खूळ होतं ते बाजाराच्या दिवशीचं. त्या दिवशी सर सकाळपासून तोंड उघडत नसत. सगळं बोलणं टॅबावर. का, तर पोरांचं कुठे अडतं ते आपल्याला कळलं पाहिजे. तेही डाव्या हातानं, कारण त्यांच्या खोलीतल्या एका पोराचा उजवा हात चालत नव्हता. मॅडमांना सुट्टी मागायची तरी माझ्या आवाजात. शाळा सुटली की टॅब घेऊन बाजारात जायचे. भाजीवाली सांगायची, "तुमचा मास्तर आला होता. तुमच्या आवाजात कोथिंबीर मांगते. मी तुमालेच हुडकत होती." घरी बायकोनं विचारलं, कोणता उपास धरला? टॅब म्हणाला, "नको." ती दोन दिवस बोलली नाही. म्हणजे त्या दिवशी त्या घरात टॅबाशिवाय कोणीच बोलत नव्हतं. तर सांगायचं इतकंच की बाजाराच्या दिवशी त्या खोलीतून माझा आवाज सारखा यायचा आणि शाळेला त्याची सवय झाली होती.

चंदाची एक खोड सांगितली पाहिजे. ती कोणतंही दार एकटी ओलांडत नाही. कोणीतरी "चल" म्हणावं लागतं. घराचं असो, शाळेचं असो, उंबऱ्याशी आली की खांबासारखी उभी राहते. एकदा लग्नघरी मी "चल" म्हणायला विसरले, तर वरात तिला वळसा घालून आत गेली. सरांनी "चल" हा शब्दही टॅबात भरला होता. मी विचारलं, "हे कायले? ते तं दुसऱ्यानं म्हनाचं असते." सर म्हणाले, "राहू द्या आजी. कधी लागन."

त्या दिवशी बाजार होता. बाकीची पोरं मैदानावर गेली होती. सर पडले. चंदानं लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं. कोणी आलं नाही. मग ती दाराशी गेली असणार. पुढचं गाडीवाल्यानं पाहिलं. तो अंगणात गाडी पुसत होता. त्याला माझा आवाज ऐकू आला, "चल." आणि चंदा एकटी उंबरा ओलांडून बाहेर आली. मग ऑफिसच्या दाराशी उभी राहिली, पुन्हा "चल", आणि आत गेली. तिनं मॅडमांच्या टेबलाशी लाल बटण दाबलं. मॅडम कागदातून मान वर न करता म्हणाल्या, "चंदा, आवाज कमी कर." तेवढ्यात गाडीवाला हातातलं फडकं टाकून आला आणि तिच्या मागे खोलीत गेला. त्यानंच सरांना उचलून गाडीत घातलं आणि भंडाऱ्याला नेलं. त्या दिवशी तो हळू चालला नाही आणि कोणी त्याला टोकलंही नाही.

मला तो म्हणाला, "आजी, आवाजावर नाही गेलो मी. आवाज तं रोजच आयकतो. पोट्टी उंबऱ्याच्या बाहेर एकटी दिसली म्हनून गेलो."

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं. सरांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी याचा दोष स्वतःला देत नाही. आवाज माझा होता, हाक माझी नव्हती.

पेपरात बातमी आली की यंत्रानं शिक्षकाचे प्राण वाचवले. फोटो टॅबाचा. शाळेनं मला शाल आणि नारळ द्यायला स्टेजवर बोलावलं, माझ्या आवाजानं जीव वाचला म्हणून. मी माईकवर म्हटलं, "मी बजारात होती. वांगे घेत होती. हाक पोरीनं मारली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारी नम्र आहे. शाल माझ्याच खांद्यावर आली. चंदा पहिल्या रांगेत टॅब मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे पाहून एक शब्द कोणी बोललं नाही. सर तिथे असते तर आडवे आले असते.

पुढे ती खोली बंद झाली. दुसरे सर मिळाले नाहीत, असं सांगितलं. आता तिथे फुटके बाक ठेवतात. फलक अजून आहे. चंदा घरी असते. तिचा टॅब सरांनी स्वतः घेऊन दिलेला होता, म्हणून तो राहिला.

रविवारी गाडीवाला आम्हा दोघींना वरठीला सोडतो. सर खाटेवर उशांना टेकून बसलेले असतात. त्यांचं डोकं शाबूत आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. पण त्याच शब्दांचा त्यांचा स्वतःचा टॅब पुढे ठेवला की डावा हात न पाहता बटणावर जातो. बाजाराच्या दिवसांनी तेवढं शिकवून ठेवलं होतं. आत जाताना दारात चंदा थांबते आणि खाटेवरून माझा आवाज येतो, "चल." मग दोघं बोलतात. ती विचारते, दुखते? ते म्हणतात, नको. ती म्हणते, चहा. ते म्हणतात, आजी, चहा. दोन्हीकडून मीच. मी भिंतीला टेकून गप्प बसते. आतून सरांची बायको विचारते, "आजी, तुमी बोलल्या का?" मी म्हणते, "नाही वो, मी नाही बोलली."

चंदा मोठी झाली की तिच्यासाठी एखाद्या पोरीचा आवाज भरायचा, असं सर म्हणायचे. "म्हातारीच्या आवाजात कुठवर बोलन बिचारी?" पण त्यांना पोरी पसंत पडत नव्हत्या. सगळ्या शाळेत शिकल्यासारख्या बोलतात म्हणायचे, जीव लावून ओरडणारी एक नाही. ते राहून गेलं. चंदा आता माझ्या खांद्याला लागते आणि अजून माझ्याच आवाजात पाणी मागते. मी मेल्यावरही मागेल.

त्या दिवशी त्या खोलीत दोघं होते, सर आणि चंदा. दोघंही अजून आहेत, आणि बोलतात.