दोन्ही हात वर

पहिल्याच भेटीत मिस्तरी माझ्यावर ओरडले. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. मी माझी जुनी गाडी तिथं उभी केली, बॉनेट उघडलं, एका वायरकडे बोट नेलं, तोच आतून आवाज आला, "हात नका लावू! गाडी हाय ती. चाचपायची भाजी पलीकडं मिळती." ना नमस्कार, ना काय काम आहे. मी नवा वकील, अंगात काळा कोट, आणि समोर भाजीवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या दिवशी आलेला राग पुढची वीस वर्षं कमीजास्त होत राहिला, पण गेला नाही. आजही आहे. आता तो कुणावर आहे, तेवढंच सांगायला बसलो आहे.

सगळी पंचवटी त्यांना 'हात-नका-लावू मिस्तरी' म्हणायची. मूळचे वणीचे. गॅरेजात देवीचा फोटो, त्याखाली पाने टांगलेले, आणि एखादा पाना जागेवर नसला तर देवीसमोरच शिव्या. त्यांच्या लेखी गिऱ्हाइकं दोनच प्रकारची. ज्याला गाडीची कदर आहे त्याला नाव असायचं, डॉक्टर, मास्तर, शेख भाई. बाकी सगळे 'पार्टी'. "पार्टी, उद्या या." "पार्टी, खोटं नका बोलू, ऑइल दोन वर्षं बदललं नाय." मी तीन वर्षं पार्टी होतो. एकदा घाटात गाडी तापली, तेव्हा ती न दामटता दोन तास उन्हात बसून राहिलो. हे कळलं त्या दिवशी मी 'वकीलसाहेब' झालो. हायकोर्टात जज्ज झालो असतो तरी एवढा आनंद झाला नसता.

बिघाड ते कानाने शोधायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि लाकडी मूठ कानाला. तेवढा वेळ कुणी बोललं तर हातातलं जे असेल ते फेकायचे. एका नगरसेवकाच्या मुलाला त्यांनी चालू इंजिनापुढून कॉलर धरून मागे ओढलं होतं. मुलगा म्हणाला, "मी कोण आहे माहीत आहे का?" मिस्तरी म्हणाले, "म्हाईत हाय ना. म्हणून तर वढला, नायतर पट्ट्यात बोटं गेली असती, अन् बापानं माझं गॅरेज उठवलं असतं." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चालती ती गाडी. उभी ऱ्हायली की कपाट."

ते ज्या एका गाडीशी कधी ओरडून बोलले नाहीत, ती डॉक्टरांची तांबडी. विलायती, दोन सीटची, उघड्या टपाची, लाल. शर्यतीसाठी बनवलेली, तशा गाड्या आता देशात हाताच्या बोटांवर मोजाव्या. डॉक्टरांनी ती तरुणपणी हौसेनं आणली आणि तीस वर्षं मिस्तरींच्या हवाली केली. सुटे भाग मिळत नसत. मिस्तरी ते सातपूरच्या कारखान्यात लेथजवळ उभं राहून स्वतः करून घेत. दर रविवारी सकाळी डॉक्टर तिला त्र्यंबकच्या रस्त्यानं फिरवत आणि मिस्तरी शेजारी बसत, डोळे मिटून, आवाज ऐकत. गल्लीतून तांबडी निघाली की भाजीवाले हातगाड्या मागे घेत. मिस्तरींना ओरडावं लागत नसे.

डॉक्टर गेले. दोन्ही मुलं परदेशात. त्यांनी बंगला विकला आणि गाडी लिलावात काढली. बापाच्या गाडीत एकदा बसावंसं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही, याचा मला आजही संताप येतो. पण दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडायचा अधिकार माझा किती, ते पुढे येईलच.

मिस्तरी माझ्या ऑफिसात आले. वीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीवर बसले नाहीत, कपड्यांना ग्रीस होतं. म्हणाले, "वकीलसाहेब, तांबडी तुम्ही घ्या. तुम्ही चालवाल. मी जित्ता हाय तोवर एक पैसा घेणार नाय कामाचा." आवाज इतका खालचा, की हे मिस्तरीच का, असं वाटलं. मी हो म्हणालो. मनातल्या मनात एक आकडा ठरवला आणि त्यांना तो सांगितला नाही.

लिलाव मुंबई-आग्रा रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. पुकारणारा मुंबईहून आलेला, सुटाबुटातला, निम्मं इंग्रजी आणि निम्मं हिंदी. नियम साधा होता, घ्यायची असेल तर हात वर करायचा. आमच्या पुढे एक रिसॉर्टवाला बसला होता. चहाच्या वेळी तो कुणाला तरी सांगत होता, की गाडी दारात ठेवणार, इंजिन काढून टाकणार, तेल गळलं की संगमरवर खराब होतो. मिस्तरींनी भरला कप तसाच खाली ठेवला.

बोली चढत गेली. रिसॉर्टवाला हात वर करी, मी करी. माझा आकडा आला, गेला. आणखी एकदा, दोनदा मला परवडलं असतं. खोटं कशाला बोलू, पाथर्डीचा प्लॉट विकला असता तर सहज परवडलं असतं. पण लोक हसतील, घरचे बोलतील, या वयात हे खूळ कशाला, असलं सगळं डोक्यात आलं. मी मिस्तरींकडे न बघता म्हणालो, "मिस्तरी, आता मी हात वर केले."

ते ताडकन उभे राहिले. "केले हात वर? वकीलसाहेब, असे? असे वर केले हात?" आणि मला वेडावून दाखवायला त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले.

लिलावात एक हात वर केला की वस्तू घ्यायची, आणि आपल्या भाषेत दोन्ही हात वर केले की सोडून द्यायची. मुंबईच्या त्या माणसाला पहिलंच तेवढं ठाऊक. त्याने आमच्याकडे बोट केलं आणि पुढची रक्कम पुकारली. एक वार. रिसॉर्टवाला बायकोच्या कानाशी लागला होता, त्याचा हात खालीच होता. दोन वार.

काय झालंय ते मिस्तरींना तेव्हा कळलं. त्यांनी हात खाली घेतले नाहीत. तसेच वर ठेवून माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर तांबडी आमची होती.

मी उभा राहिलो आणि स्वच्छ, कोर्टातल्या आवाजात म्हणालो, "या गृहस्थांना माझ्या वतीनं बोली लावण्याचा अधिकार नाही. यांचा आणि माझा काही संबंध नाही."

पहिलं वाक्य कायद्यानं बरोबर होतं. दुसऱ्याची गरज नव्हती. ते का बोललो, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि त्यासाठी मी स्वतःला क्षमा केलेली नाही.

गाडी रिसॉर्टवाल्याला गेली. मिस्तरी माझ्याबरोबर परत आले नाहीत. आठवड्याने मी सर्व्हिसिंगचं निमित्त काढून गल्लीत गेलो. ते गाडीखाली झोपलेले. खालूनच म्हणाले, "पार्टी, तुमची गाडी दुसरीकडं न्या."

त्र्यंबकला जाताना ते रिसॉर्ट लागतं. तांबडी दारात उभी असते, पोटात काही नसलेली. लोक बॉनेटवर बसून फोटो काढतात, पोरं दारावर चढतात. एकदा मी गाडी थांबवून एका माणसावर असा ओरडलो, की वॉचमन धावत आला. मग लक्षात आलं, शब्दसुद्धा मिस्तरींचेच होते.

गेल्या थंडीत मिस्तरी गेले. दहाव्याला जायचा धीर झाला नाही, महिन्याने गेलो. मिस्तरींच्या बायकोनं, वहिनींनी, गॅरेजचं शटर वर केलं. मध्यभागी लोखंडी अँगलच्या घोडीवर एक इंजिन होतं, लखलखीत, वर हळदकुंकू. मी बघताक्षणी ओळखलं, तांबडीचं.

"भंगारवाल्याचा फोन आला व्हता," वहिनी म्हणाल्या. "हातातलं काम टाकून पळाले. कंप्रेसर विकला त्याच्यापायी. मंग दर ऐतवारी सकाळी चालू करायचे. पाच मिन्टं. डोळे मिटून बसायचे म्होरं. लय आवाज व्हायचा, पण गल्लीत कुणी एक शबूद बोललं नाय."

माझा हात आपसूक पुढे गेला.

"वकीलसाहेब, हात नका लावू."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते सांगून गेलेत," त्या म्हणाल्या. "कुणालाबी दाखव म्हणले. चालवणारा कुणी आला तर फुकट दे म्हणले. फक्त पार्टीला हात लावू द्यायचा नाय."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि लांबूनच बघत उभा राहिलो.