बाईंच्या गुरूचं नाव

आमच्या गाण्याच्या बाई वर्गात आल्या की आधी खिडक्या लावून घ्यायच्या. शाळा उज्जैनच्या फ्रीगंजात, अगदी रस्त्याला लागून. बाहेर टांगे, हातगाड्या, भाजीवाले. खिडक्या लागल्या की त्या म्हणायच्या, "आता ऐका." आम्ही ऐकायचो. "काहीच ऐकू येत नाही बाई," कोणीतरी म्हणायचंच. "हां. मग आता त्यात सा लावा."

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा आठ वर्षांची होते. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता आणि माझे वडील त्याच कचेरीत, त्याच खुर्चीवर, नव्या सरकारचे कारकून झाले होते. बाई संस्थानच्या वेळेपासून शाळेत होत्या. कोणा अधिकाऱ्याने एका घरगुती बैठकीत त्यांचं गाणं ऐकलं आणि त्यांना नेमलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या विधवा होत्या. एकोणिसाव्या वर्षीच नवरा गेलेला, मूलबाळ नाही. देवास गेटजवळ एका कापडवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायच्या. फिक्या रंगाचं लुगडं, चपला नेहमी झिजलेल्या, आणि कनवटीला खडीसाखरेची पुडी. कोणाचा घसा बसला की एक खडा आणि एक मिरी तिच्या हातावर यायची.

शाळेतली एकही मुलगी त्यांनी "तुला गाता येत नाही" म्हणून घरी पाठवली नाही. जिला सूर म्हणून नव्हताच, तिला त्या शेजारी बसवायच्या आणि ताल धरायला लावायच्या. पुष्कळ वर्षांनी अशी एक मैत्रीण मला भेटली. तिला दुसरं काही आठवत नव्हतं. "बाईंच्या गुडघ्यावर मी ठेका द्यायची," एवढं मात्र ती तीन वेळा म्हणाली.

मला सूर होता. तो आहे हे मला फार लवकर समजलं, आणि तेच वाईट झालं. दहाव्या वर्षापासून बाई मला घरी बोलवायला लागल्या. शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर चालत देवास गेटपर्यंत जायची, तासभर शिकायची आणि मग वडील सायकलवरून मला माधव नगरला घरी न्यायचे. बाईंनी कधी काही घेतलं नाही. आई दिवाळीला त्यांना फराळाचा डबा द्यायची तोच काय तो.

मी चौदा वर्षांची असताना एका दुपारी त्यांनी मला एक ठुमरी शिकवली. तशी गायकी शाळेत त्यांनी कधी गायली नव्हती. एकच ओळ त्या पंधरा तऱ्हांनी म्हणाल्या आणि दर वेळी तिचा अर्थ बदलला. मी विचारलं, "बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

त्या थोडा वेळ तंबोऱ्याच्या तारा पुसत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील वैद्य होते. जुन्या शहरात एक गाणाऱ्या बाई होत्या, बैठकी करणाऱ्या, कोठीवरच्या. त्यांच्या दम्यावर वैद्यबुवांचं औषध चालू होतं. नऊ वर्षांची मुलगी वडिलांची औषधाची पेटी धरून बरोबर जायची. एक दिवस पायऱ्या चढताना ती गुणगुणत होती, ते त्या बाईंनी ऐकलं आणि वैद्यबुवांना म्हणाल्या, बच्ची को मेरे पास छोड़ दीजिए, दोपहर भर. वैद्यबुवांनी सोडलं. पाच वर्षं, लग्न होईपर्यंत, ती मुलगी रोज दुपारी तिथे जात होती. घरच्यांना वाटायचं, वडिलांना मदत करते.

"मी त्यांना अम्माजी म्हणायची," बाई म्हणाल्या. "मला पहिला सा त्यांनी दिला. हा तंबोरा पण त्यांचाच." आणि मग माझ्याकडे बघून, "हे कोणाला बोलू नकोस बरं का. मला त्याची शरम नाही. पण लोकांच्या मुली माझ्याकडे येतात."

मी म्हटलं, "नाही सांगणार." तेव्हा ते खरं होतं. एवढी मोठी गोष्ट बाईंनी मला सांगितली याने मी आठवडाभर हवेत होते.

पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत जाणार, मोठं नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. घराघरात तीच बात. कोणाची बदली होते, कोण महाराष्ट्राकडे जायचं म्हणतो, कोणाची नोकरी नव्या यादीत बसते. शाळांतल्या शिक्षकांकडून कागद मागवले गेले. बाईंच्या कागदात संगीताच्या परीक्षेचं प्रमाणपत्र नव्हतं, कारण त्यांनी परीक्षा दिलीच नव्हती. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्यांनी एक तोड काढली. पालकांच्या सह्यांचा अर्ज जोडायचा, की या बाई इतकी वर्षं उत्तम शिकवत आहेत, त्यांना कायम ठेवावं. पहिल्या दोन दिवसांत सहा-सात सह्या झाल्या. माझे वडील म्हणाले होते, "कागद घरी आण, मी करतो. कचेरीतल्या दोघा-तिघांच्या पण घेतो."

त्याच दिवसांत शाळेत नव्या राज्याच्या स्थापनेच्या समारंभाची तयारी चालली होती. कलेक्टर येणार होते. मुख्य गाणं मी म्हणणार हे मी धरूनच चालले होते. आईने मला त्यासाठी निळं रेशमी परकर-पोलकं काढून ठेवलं होतं. तालमीच्या दिवशी बाईंनी पुढे बसवलं दुसऱ्याच मुलीला. धान्याच्या एका मारवाडी व्यापाऱ्याची मुलगी, माझ्याच वर्गातली. तिचा आवाज माझ्याइतका मोकळा नव्हता.

तालीम संपल्यावर मी बाईंना गाठलं. "मी का नाही?"

"तू चांगली गातेस," त्या म्हणाल्या. "पण सध्या तू दुसऱ्याचं ऐकत नाहीस. मागे साथीला बस महिनाभर. ती कशी ऐकते ते बघ."

"तिला तर वरचा पंचम पण लागत नाही."

"लागेल. तू साथ दे ना तिला."

मी रडत घरी आले. आई कणीक मळत होती. काय झालं, तिने विचारलं. मी सांगितलं. आई म्हणाली, "असेल त्यांचा काही विचार. बाई चुकीचं नाही करायच्या." आईनेही बाईंची बाजू घेतली हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "बाईंचं तुला काय माहीत आहे? त्या कोणाकडे शिकल्या ते माहीत आहे?" आणि मी सगळं सांगून टाकलं. वैद्यबुवा, दुपारी, कोठी. बाई ज्या मायेने बोलल्या होत्या, ते शब्द मी वापरले नाहीत. मला जे वाईटसाईट शब्द माहीत होते ते वापरले.

आईचे हात परातीत थांबले. "खरं सांगतेस?"

"देवाशपथ."

मला आईला दोष द्यायचा नाही. ती घाबरली. तिची मुलगी पाच वर्षं त्या घरी जात होती. तिने शेजारच्या काकूंना विचारलं, तुमच्या कानावर काही आलंय का. काकूंच्या दोन मुली शाळेत होत्या. एवढं पुरलं. चार दिवसांत गाण्याच्या तासाला पंधरा मुली कमी झाल्या. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांतले दोघे शाळेत येऊन आपलं नाव खोडून गेले.

वडील संध्याकाळी आले तेव्हा अर्जाचा कागद टेबलावर होता. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "परत दे. माझी भोपाळची ऑर्डर यायची आहे. अशा वेळी माझ्या सहीने उगाच चर्चा होईल."

दुसऱ्या दिवशी मला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावणं आलं. बाई तिथेच खुर्चीवर बसल्या होत्या. हात मांडीवर. मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "हे बोलणं तुझ्या घरातून निघालं असं लोक म्हणतात. बाईंनी तुला असं काही सांगितलं होतं का?"

मला तेव्हा दोन गोष्टी करता आल्या असत्या. हो म्हणून माफी मागता आली असती. किंवा मी रागाने खोटंच पसरवलं असं म्हणून बाईंना वाचवता आलं असतं. मी तिसरंच केलं. मी म्हटलं, "मला काही माहीत नाही. मी काही बोलले नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ती गोष्ट त्यांनी जन्मात फक्त मला सांगितली होती, आणि हे खोलीतल्या आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, "मुलीला कशाला विचारता? जाऊ दे तिला. मी तिथेच शिकले. खरं आहे ते. तुम्ही लिहून घ्या."

मी बाहेर आले. समारंभात मुख्य गाणं शेवटी मीच म्हटलं. नवे कोणी मास्तर तात्पुरते आले होते, त्यांनी मला पुढे बसवलं. व्यापाऱ्याची मुलगी समारंभाला आलीच नाही. कलेक्टरांनी माझं कौतुक केलं. ते निळं परकर-पोलकं मी घातलं होतं.

बाईंचं नाव नव्या यादीत आलं नाही. डिसेंबरात आम्ही भोपाळला गेलो. जायच्या आधी आई म्हणाली, "बाईंना नमस्कार करून ये." मी गेले देवास गेटपर्यंत, कापडवाल्याच्या दुकानासमोर उभी राहिले. वर तंबोरा लागत होता. व्यापाऱ्याच्या मुलीचा आवाज ओळखू आला. सगळ्यांनी मुली काढून घेतल्या, तेव्हा तिचे वडील म्हणाले होते म्हणे, "गुरु तो गुरु है। उनके गुरु कौन थे, यह पूछनेवाला मैं कौन?" मी वर गेले नाही. घरी येऊन सांगितलं, नमस्कार केला.

भोपाळला माझं गाणं सुटलं. कोणी सोडवलं नाही. तंबोरा लागला की मला तो आवाज नको व्हायचा. पुढे लग्न होऊन मी नागपूरला गेले.

बाईंना मी पुन्हा भेटले ती बावीस वर्षांनी, एका लग्नासाठी उज्जैनला आले तेव्हा. त्याच दोन खोल्या. जिन्यात चपलांची ही रास. बाई थकल्या होत्या, पण खाली सतरंजीवर दहा-बारा मुली बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. मुलींना लवकर सोडलं, स्वतः उठून पोहे केले, वर शेव घातली. घरचं विचारलं. मग म्हणाल्या, "गातेस?"

"नाही."

"अरेरे," त्या म्हणाल्या. ते मनापासून होतं.

मी ताटली खाली ठेवली आणि एकदाचं सांगितलं. आईला मी सांगितलं, कसं सांगितलं, मोठ्या बाईंसमोर खोटं बोलले, सगळं. त्यांनी मधे अडवलं नाही.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण सांगणार? मी वाट बघत होते. वाटायचं, पोरगी आहे, भांबावली असेल, येईल. दोन-तीन वर्षं दाराकडे कान असायचा माझा. मग सोडून दिलं."

"मला माफ करा बाई."

"माझ्यापुरतं केव्हाच केलं. नोकरी गेली त्याचं एवढं नाही. मुली परत आल्या हळूहळू. पण अम्माजींबद्दल तू जे शब्द बोललीस, ते फिरून माझ्या कानावर आले. त्या गेल्यावर त्यांची बाजू घ्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्यांच्या वतीने मी कशी माफ करू? ते मला नाही जमत." मग त्या म्हणाल्या, "पोहे गार होतायत."

त्यानंतर सात-आठ वर्षांनी बाई गेल्या. गावातल्या त्यांच्या शिष्यांनी स्मरणाचा कार्यक्रम केला आणि मला नागपूरहून बोलावलं, जुनी आणि लाडकी शिष्या म्हणून. हॉल भरलेला. सूत्रसंचालकाने बाईंचा परिचय करून देताना सांगितलं, की संगीताचा वारसा त्यांना घरातून, वैद्यवडिलांकडून मिळाला. माझं भाषण लगेच त्याच्यानंतर होतं. मी खिडक्यांबद्दल बोलले, खडीसाखरेबद्दल बोलले. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. वडिलांकडून वारसा मिळाला हे मी तसंच राहू दिलं. ते खोडून काढायचं मनात होतं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि समोर माधव नगरच्या ओळखीच्या दोन बायका दिसल्या, म्हातारपणाने वाकलेल्या. मी पुढच्या वाक्याला गेले.

माझ्यानंतर व्यापाऱ्याची मुलगी उठली. आता तिचेही केस पिकू लागलेले, आणि ती शहरातली नावाजलेली गाण्याची शिक्षिका. ती हिंदीत बोलली. "एक बात रह गई," ती शांतपणे म्हणाली. "बाई ने संगीत अपने पिताजी से नहीं सीखा था।" आणि तिने अम्माजींचं पूर्ण नाव घेतलं, त्या कोणत्या गल्लीत राहायच्या ते सांगितलं, कोठीवर राहायच्या हेही सांगितलं. म्हणाली, हम सब उन्हीं के घर के हैं।

हॉलमध्ये कोणी चुळबुळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोन म्हाताऱ्यांनीही वाजवल्या. मीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्यापाशी आली. "घर चलो. शाम को बच्चियाँ आती हैं, सुन लेना। चहा पिऊन जा," शेवटचं ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. मी सांगितलं, माझी गाडी आहे, निघायला हवं. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.