पुरणाचा मासा

जपानमध्ये मी दोन वर्षे राहिलो. यंत्रांच्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी पुण्याहून दोन अभियंते पाठवले गेले. एक मी, सपत्नीक. दुसरा माझा ज्येष्ठ सहकारी, एकटा. त्याला तिथली भाषा येत होती. मला येत नव्हती. पुढचे सारे त्यातून घडले.

आम्ही नवरा-बायको शाकाहारी. माझे शाकाहारीपण सवयीचे होते, पत्नीचे श्रद्धेचे. पहिला आठवडा भात आणि केळी यांवर काढला. मग सहकाऱ्याने दोन शब्द शिकवले.

"दुकानात शिरलात की म्हणायचं, निकु नाशी. मांस नको. बस्स, मग डोळे मिटून खा."

आम्ही तसे म्हणू लागलो. दुकानदार मान डोलावी आणि वाडगा समोर येई. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, गरम रश्श्यात. सोबा बारीक आणि करड्या. उन्हाळ्यात बांबूच्या चटईवर गार वाढत, सोबत बुडवायला काळसर पाणी. शेवया आवाज करीत ओढायच्या असतात, हे शेजारच्या एका बाईने पत्नीला खुणेने शिकवले. त्यानंतर ती असा आवाज करी की मला संकोच वाटे.

"इथली रीतच आहे ती," ती म्हणे. "गप्प खाऊन तुम्हीच त्यांचा अपमान करताय."

डोंगरातल्या एका गावी चिरलेल्या बांबूतून वाहत्या पाण्याबरोबर शेवया सोडत. खाली उभे राहून त्या काड्यांनी पकडायच्या. मला एकही साधली नाही. पत्नीने माझ्या वाट्याच्याही पकडल्या.

गोडाचे तिला अधिक वेड. तांदळाच्या पिठाचा मऊ गोळा, आत गोड सारण, हा पदार्थ चाखून ती म्हणाली, "हा उकडीचा मोदकच. कळ्या पाडायचा कंटाळा केलाय आणि तूप विसरलेत." पुढच्या खेपेस तिच्या पर्समध्ये घरी कढवलेल्या तुपाची बाटली होती. स्टेशनबाहेर एक म्हातारा लोखंडी साच्यात माशाच्या आकाराचे केक भाजत असे. महिनाभर ती त्या बाजूने चालली नाही. आत काय असते ते मी खुणांनी विचारून आलो: लाल चवळीसारखे कडधान्य, साखर घालून शिजवलेले. तिने शेपटी मोडून पाहिली.

"मासा आहे, पण पुरणाचा."

त्यानंतर दर शनिवारी एक.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस कारखान्याची मेजवानी झाली. जेवण अर्ध्यावर आले असता सहकारी उठून उभा राहिला.

"शास्त्रीबुवा, निकु म्हणजे काय हो?"

"मांस."

"आणि मासा?"

मी समोरच्या वाडग्याकडे पाहिले.

"मासा निकुत येतच नाही! इथला जवळजवळ प्रत्येक रस्सा सुक्या माशाचा. वहिनी, वर्षभर मासा पचवलात, साधी ढेकर नाही दिलीत!"

तेच त्याने जपानीत सांगितले. काही हसले. काहींनी खाली पाहिले.

"तुम्हाला केव्हापासून ठाऊक होते?" मी विचारले.

"पहिल्या दिवसापासून. अहो, गंमत!"

उरलेल्या वर्षात पत्नीने बाहेर काही खाल्ले नाही. शनिवारी मी स्टेशनवरून तो केक घेऊन आलो. म्हणालो, यात काही नाही, मी विचारले आहे. ती म्हणाली, "तेव्हाही आपण विचारूनच खात होतो." केक तसाच राहिला.

सहा वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिने पुरणाचा मासा मागितला. पुण्यात मला तो मिळाला नाही.

आता मी मुलाकडे, नेदरलँड्समधल्या कापेलला असतो. गेल्या वर्षी कळले की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डेल्फ्टमध्ये एका घरी मराठी मंडळी अथर्वशीर्षासाठी जमतात. गेलो. दार उघडले ते त्याच सहकाऱ्याने. घर त्याच्या मुलीचे होते. डोक्यावर केस नव्हते, गळ्यात तुळशीची माळ होती.

"शास्त्रीबुवा! या, या. आता मीही तुमच्यातलाच हो. अनुग्रह घेतला, दहा वर्षं झाली. कांदा-लसूणसुद्धा नाही. वहिनी?"

मी सांगितले. "अरेरे," तो म्हणाला आणि माझ्या हातात एक पेला दिला. आत काळी, थरथरती कॉफीची जेली, वर साय. "आठवते ना, जपानची? मी स्वतः करतो. चायना ग्रास घालून, समुद्री शेवाळाचं. शुद्ध शाकाहारी."

त्या मेजवानीपासून मी वेष्टन वाचल्याशिवाय काही तोंडात घालत नाही. पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर उघडे पाकीट होते, त्यात काचेसारखी पारदर्शक पाने. चायना ग्रास म्हणून खपतील अशीच. मी चष्मा लावला. वर 'जिलेटिन', खाली बारीक अक्षरांत 'फार्कन'. माझे डच बेताचे आहे, परंतु सुपरमार्केटमधल्या मांसाच्या फळीवरचे शब्द मला पाठ आहेत. फार्कन म्हणजे डुक्कर; जिलेटिन त्याच्या कातडीचे.

बाहेर येऊन मी म्हणालो, मला साखर वर्ज्य आहे. त्याने माझाही पेला संपवला.

चार महिने मी गेलो आणि चार महिने पाहिले. इतर वीस माणसेही ती जेली खात होती. तो दोष माझाही आहे. मी नाकारीत नाही. मला फक्त योग्य दिवस हवा होता, आणि तो आला. त्याची पंचाहत्तरी होती. घर भरले होते. माझे वाक्य तयार होते: साहेब, साधी ढेकर नाही दिलीत. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. मी उठलो.

समोर सांगलीहून लेकीकडे आलेल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. चमच्यावरची जेली त्या सुर्रकन ओढीत होत्या आणि त्या आवाजाला स्वतःच हसत होत्या.

ते वाक्य त्यांनाही लागले असते. माझे भांडण एकाशी होते.

"शतायुषी व्हा," मी म्हणालो आणि बसलो.

मंडळी पांगल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठले. हातात पाकीट दिले, माझा चष्माही दिला.

"वाचा."

"जिलेटिन. म्हणजे चायना ग्रासच की हो."

"खालचे वाचा."

त्याने वाचले. पुन्हा वाचले. मग तो स्टुलावर बसला. त्याचा हात माळेकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याने पाकीट ओट्यावर पालथे ठेवले. "आणि ही बाकीची मंडळी? त्यांना..."

"सांगायचे की नाही, कधी, कोणासमोर, ते तुम्ही ठरवा. मागच्या वेळीही तुम्हीच ठरवले होते."

चष्मा परत घेऊन मी कोट चढवला.

त्याने अजून कोणाला सांगितलेले नाही. जेली मात्र बंद झाली. पहिल्या रविवारी कोणीतरी हटकून विचारते, "काका, आज जेली नाही?" तो प्रकृतीचे काही सांगतो आणि माझ्याकडे पाहतो. मी नजर वळवीत नाही.

एखाद्या महिन्यात कोणी विचारायचे विसरले, तर मी विचारतो.