जत्रेच्या नाटकातलं निळं दार

गोव्याला चाललेय म्हटल्यावर ऑफिसातल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. नाटक बघायला चाललेय म्हटल्यावर तर त्यांना हसू आवरेना. पण खरंच नाटकच होतं. माझा मावसभाऊ दत्ता डिचोलीला असतो आणि त्याची सासुरवाडी पेडण्यात, धारगळच्या आतल्या अंगाला एका वाडीत. तिथे जत्रेला गावकरी स्वतः मराठी नाटक बसवतात. यंदा त्यांनी माझ्या अतिशय आवडत्या एका जुन्या कृष्णधवल सिनेमावरून नाटक केलं होतं. मुंबईच्या झोपडपट्टीतला एक हमाल बायकोच्या औषधासाठी पहिली चोरी करतो, मग चोऱ्या करवून घेणाऱ्यांच्या हातून सुटत नाही आणि शेवटी वस्ती पाडली जात असताना पोलिसांची गोळी लागून स्वतःच्याच दारात पडतो. शाळेत असताना वडिलांबरोबर हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नव्हते. दत्ताचा फोन आला आणि मी लगेच रजा टाकली.

वाडीचं नाव लिहिणार नाही. आणि हे सगळं रागात लिहितेय, तेही आत्ताच सांगून ठेवते.

कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीवरून गोव्यात, असा माझा रस्ता. घाट छान आहे, पण सकाळी लवकर निघा, नाहीतर आंबोलीच्या वळणांवर ट्रकांच्या मागे रांगत बसाल. सावंतवाडीत माशांचं जेवण जेवा. पत्रादेवीनंतर हायवे इतका रुंद आणि गुळगुळीत झालाय की धारगळ कधी आलं ते कळतही नाही.

तिथे एका टपरीवर पातळ भाजी आणि उंडे घेतले. उंडा म्हणजे कडक सालीचा गोल पाव, भाजीत बुडवून खायचा. दोघांचं पोट शंभरच्या आत भरतं. टपरीमागे एक मोकळी जागा होती. जमिनीवर चुलींचे काळे डाग, फुटक्या फरशा, एक प्लास्टिकची चप्पल. कडेला निळी ताडपत्री ताणून कुणीतरी संसार मांडलेला. टपरीवर पेले विसळणारी बाई मी तिकडे बघतेय हे बघून म्हणाली, "थंय आमच्यो खोल्यो होत्यो."

तिचं नाव शेवंती, मूळची वेंगुर्ल्याकडची. नवरा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. तो आता नाही. जमीनमालकाने गेल्या महिन्यात सगळी रांग पाडायला लावली.

"जागा त्येंची, तां खरां," ती म्हणाली. "पण पत्रे माझे. दार माझां. घोवान खोक्यांच्या फळयांचां केलेलां, वर ट्रकाचो निळो रंग."

"मग आहे कुठे ते सगळं?"

"जत्रेवाल्यांनी टेम्पो हाडलो. म्हणाले, देवळाकडे ठेवतंव, हंय कोण चोरून नेतलो. जत्रा झाली काय देतंव."

पलीकडच्या काजूच्या बागेच्या मालकाने तिला तिथे एक खोपटं उभं करायची परवानगी दिली होती. चार बांबू रोवूनही झाले होते. तिची मुलगी नववीत आहे. हायवेला लागून, ताडपत्रीखाली, दाराशिवाय. शेवंती म्हणाली, "चेडू निजता. मी बसान रवतंय." मी जत्रा समितीच्या भल्या माणसांचं मनातल्या मनात कौतुक केलं आणि भाजीचे पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी दत्ता मला केरीला घेऊन गेला. सुरूच्या झाडांखालून चालत जायचा किनारा, मासे सुकवणाऱ्या बायका आणि पलीकडे तेरेखोल. फेरीबोटीने नदी ओलांडा, माणसांना तिकीट नाही. किल्ल्यावरून समुद्र सुंदर दिसतो, यात वाद नाही. परतताना एका नव्या हॉटेलात चहा घेतला. तिथे भिंतीवर मुद्दाम गंजवलेला पत्रा लावला होता, गावाकडचा फील यावा म्हणून. चहा दीडशे रुपये. मी चिडले तेव्हा दत्ता म्हणाला, "अगो, तुला सगळ्याचा राग येतो." तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

लाऊडस्पीकर दहाला बंद करावे लागतात, म्हणून नाटक आता संध्याकाळीच सुरू होतं. देवळासमोर मांडव खचाखच भरलेला, पुढे म्हातारे, मागे खाज्याच्या दुकानांचा गलका. दिग्दर्शक दत्ताचा मेहुणा यशवंत. तो समितीतही आहे. पडदा उघडला आणि मांडवातून एकच "आहा" उमटला. रंगवलेल्या पडद्याऐवजी अख्खी झोपडपट्टी उभी होती. खरे गंजके पत्रे, खरी ताडपत्री आणि मधोमध एक निळं दार.

मी मागे वळून बघितलं. शेवटच्या खांबापाशी शेवंती मुलीला घेऊन उभी होती.

शेजारचे काका मला सांगत होते, "सेट पळय, कितें खरो दिसता." खरा दिसतो कारण तो खराच आहे, असं मी म्हटलं. त्यांनी कौतुक समजून मान डोलावली. हमाल तुरुंगात गेला, त्याच्या बायकोने दाराला डोकं टेकून हंबरडा फोडला, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदराने डोळे पुसले. याच बायकांच्या वाडीपासून ती मोकळी जागा चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिकडे एकीने जेवणाचा डबा नेला असेल तर मला दाखवा.

इथली एक रीत आहे. रंगात आलेलं नाटक मध्येच थांबवतात, नट जागच्या जागी उभे राहतात आणि माइकवरून प्रेक्षकांनी दिलेली बक्षिसं वाचून दाखवतात. तसं ते थांबलं. "उत्कृष्ट नेपथ्याबद्दल" अशी पहिलीच घोषणा झाली. शेवंती चालत पुढे आली, पायऱ्या चढून रंगमंचावर गेली आणि बिजागऱ्यांचे खिळे ओढायला लागली.

"ह्यां माझां दार," ती म्हणाली. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "मी नेतंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हे वाक्य तीनदा लिहून बघितलं, दुसरं काही लिहिता येत नाही. त्यांना वाटलं हा नाटकातलाच प्रवेश. शिट्ट्या आल्या. माइकवाल्याने हातातली चिठ्ठी वाचली, "झोपडपट्टीतल्या बाईचा जिवंत अभिनय केल्याबद्दल पाचशे रुपये."

यशवंत विंगेतून धावत आला. "गे शेवंते, शेवटचो अंक आसा मगे. फाल्यां व्हर." उद्या ने, म्हणे. ती खिळे काढतच राहिली. मग मी उठले. यशवंत मला म्हणाला, "ताई, तुमी सोयरीं. मदीं पडूं नाकात." मी पाहुणी आहे हे मला माहीत होतं. मी दाराची दुसरी बाजू धरली. आम्ही ते प्रेक्षकांच्या मधून बाहेर नेलं, लोक कौतुकाने वाट करून देत होते. मागे हमाल रिकाम्या चौकटीत मेला म्हणे.

पाचशे रुपये तिला मिळाले नाहीत. कलाकारांच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

दार माझ्या गाडीच्या टपावर बांधून आम्ही बागेत नेलं, बांबूंना तारेने बांधलं. भिंती नव्हत्याच. पत्रे सगळे रंगमंचावर. शेवंतीने दार लावून आतून कडी घातली, आणि दोन्ही बाजूंनी आतलं सगळं दिसत होतं. सकाळी मी यशवंतकडे पत्रे मागायला गेले. तो म्हणाला डिचोलीची नाट्यस्पर्धा होऊ दे, मग देतो. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दत्ताची बायको माझ्याशी अजून बोलत नाही.

परतीला डिचोली, दोडामार्ग, तिलारी, चंदगड असा रस्ता घेतला. लाल धुळीचे ट्रक सोडले तर रस्ता चांगला आहे, तिलारीच्या घाटात मात्र पहिला गिअर सोडू नका.

घरी येऊन तो सिनेमा लावला. इतकी वर्षं मी त्यातल्या चोरावर रडत होते. या वेळी वस्ती पाडताना मागे उभं राहून बघणारी माणसं दिसली. त्यांची तोंडं ओळखीची वाटली.

काल दत्ताचा फोन आला. स्पर्धेत नाटक पहिलं आलं. "आणि अगो, शेवंतीचा तो प्रवेश यशवंतने नाटकात घातला. बाई येते आणि दार घेऊन जाते. टाळ्यांवर टाळ्या."

"शेवंती करते?"

"छे गो. नटी आणली, म्हापशाहून. मानधन देऊन."

"आणि पत्रे?"

"ते सेटाला लागतात मगे," दत्ता म्हणाला. "आता सगळीकडून प्रयोगांची मागणी आहे."