सुमित्राबाईंनी घरात आणलेला आळस

हिंगणघाटाकडच्या सुमित्राबाई लग्न होऊन भोपाळला आल्या त्या थेट कारखान्याच्या वसाहतीत. नवरा सदाशिवराव तिथे फिटर. अठ्ठावीस वर्षं झाली, पण बाईंना नुसतं बसलेलं कुणी पाहिलं नाही. रेडिओ ऐकतानाही हात तांदूळ निवडत असायचे, आणि तांदूळ संपले की निवडलेलेच पुन्हा निवडायचे. मुलाच्या वेळी बाराव्या दिवशी उठून आपण नळावर पाणी भरलं, हे त्या कुणी न विचारता सांगत.

अशा घरात सून कांचन बाळंत झाली. मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रामची. आजीच्या ओंजळीत मावेल एवढी.

बाराव्या दिवशी तिला वसाहतीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास करत होत्या. आईच्या दुधात कोणकोणती चरबी उतरते, ते त्यांना पाहायचं होतं. कांचनचं चमचाभर दूध त्यांनी बाटलीत घेतलं, आणि महिन्याभरात पोरगी पावणेतीन किलोची झाली नाही तर मोठ्या इस्पितळात ठेवावी लागेल, असं सांगितलं.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माँजी, बहू को अलसी की आदत डालिए. दूध अच्छा उतरेगा."

सुमित्राबाईंची हिंदी भाजीबाजारात तयार झालेली. त्यांना ऐकू आलं, सुनेला आळसाची सवय लावा. फार जड गेलं त्यांना. पण नातीसाठी तेही गिळलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात आळस सुरू झाला, आणि तोही कडक शिस्तीत. कांचननं दुपट्याची घडी घालायला घेतली की आतून आवाज यायचा, "ठेव ते! लोळ आधी!"

"आई, पाठ दुखते हो लोळून."

"मग कूस बदल."

शेजारच्या सुशीलाबाई दारातूनच म्हणाल्या, "काय हो, सून महाराणी झाली वाटतं?"

"डॉक्टरचं औषध आहे," सुमित्राबाई म्हणाल्या.

सदाशिवराव पेपरातून मान वर काढून म्हणाले, "मला पण दाखवून आणा त्या डॉक्टरला."

बाई दिवसभर राबायच्या. सुनेला जागेवरच ताट द्यायच्या: गरम भाकरी, आणि तिच्यावर गावाकडच्या जवसाची चटणी, वरून तेल सोडून.

महिना झाला. तराजूत पोरीला ठेवलं तेव्हा सुमित्राबाईंनी डोळे मिटून घेतले.

"दो किलो नौ सौ!" डॉक्टरीणबाई हसल्या. "अलसी दी थी न?"

"बहुत दी. दिनभर दी. पलंग से उठने नहीं दिया."

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून पुडी काढून चिमूटभर तपकिरी, चकचकीत दाणे तळहातावर घेतले. "माँजी, यह अलसी."

"अगं बाई, हे तर जवस! हे ती रोज खातेच की!" सुमित्राबाई मटकन बाकावर बसल्या. "म्हणजे मी महिनाभर हिला फुकट लोळवलं?"

कांचननं पोरीला छातीशी घेतलं आणि गरिबासारखा चेहरा करून म्हणाली, "आई, वजन जवसानं वाढलं की आळसानं, हे कुणाला माहीत? दोन्ही चालू ठेवलेलं बरं."

सुमित्राबाईंनी नातीचा गाल चाचपला. आता चिमटीत धरता येत होता.

"जवस बारा महिने," त्या म्हणाल्या. "आळस दिवाळीपर्यंत."