आधी खाऊ ओळखा, मंग भांडा

मलकापूरची आत्या पुण्यात रस्ता ओलांडायची तो एक हात वर करून आणि बसच्या ड्रायव्हरकडे रोखून बघत. दुसऱ्या हातात माझी लेक चिऊ, काखेत पितळी डबा. सिग्नल लाल आहे की हिरवा, हे ड्रायव्हरने बघावं, आपल्याला काय त्याचं, असं तिचं मत. बस कचकन थांबायची, ड्रायव्हर खिडकीतून आत्याचा उद्धार करायचा आणि आत्या भर रस्त्यात त्याला ऐकवायची, "बाप्पा, तुले घाई हाय, मले लेकरू हाय!" मी मागून जीव मुठीत धरून धावत असे.

आत्या आली होती ती चिऊसाठीच. मलकापूर सोडून आम्ही पुण्याला आलो तेव्हा चिऊ पहिलीत होती. सोसायटीच्या बागेत ती झोपाळ्यावरच्या मुलीला म्हणाली, "आता मले दे ना." झालं, सगळी पोरं हसली. पोरं हसायचीच, पण आमची बया महा मानी. तिने खाली जाणंच सोडलं. संध्याकाळी गॅलरीच्या ग्रिलला नाक लावून दुसऱ्यांचा खेळ बघत बसायची. मी समजावलं, लालूच दाखवली, एकदा धपाटाही घातला. शेवटी फोनवर आत्यापुढे मीच रडले. "अवं, रडतं कायले? मी येऊन राह्यली," म्हणाली आणि ऐन भुलाबाईच्या महिन्यात गल्लीतल्या पोरींना वाऱ्यावर सोडून आलीसुद्धा.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि गाणी संपली की डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. डबा वाजवून बघायचा, गोड की तिखट विचारायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. हा नियम आत्याने पुण्यातल्या प्रत्येक भटकंतीला लावला. टेकडीवर गेलो तरी डबा, नदीकाठी गेलो तरी डबा. प्राणीबागेत तर आम्ही वाघाकडे पाठ करून खाऊ ओळखत बसलो होतो. वाघ झोपलेला होता म्हणा.

पण एकटीने ओळखण्यात काय मजा? म्हणून आत्या टेकडीवर दिसेल त्या पोराला हाक मारायची. डब्याचा आवाज जिथवर जाईल तिथवरची सगळी पोरं वाटेकरी, हा मलकापूरचा कायदा. पुण्यात मात्र एक बाप आपल्या पोराला उचलून चक्क पळाला. मग शिट्टी फुंकत रखवालदार आला.

"आजी, अनोळखी मुलांना खाऊ द्यायचा नसतो."

"मंग करा ना ओळख! कोनं नाही म्हनलं?"

त्याने डब्याकडे निरखून पाहिलं आणि जाता जाता हळूच म्हणाला, "शेंगदाण्याचे लाडू?" ते नव्हते.

असे आठवडाभर गावभर भटकून चिऊचा पाय जरा मोकळा झाल्यावर आत्याने तिला सोसायटीच्या बागेत उतरवलं. डबा वाजला, पोरं जमली. आत्याने तोंड उघडलं आणि पोरं खो खो हसली. आत्या त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसली. मग म्हणाली, "हासून घ्या. पन या डब्याले पुन्याची भाषा समजत नाही. आमच्या बोलीत इचाराल तरच तो बोलते."

आता आली का पंचाईत! पोरं चिऊभोवती गोळा झाली. "चिऊ, 'खारट आहे का' कसं म्हणायचं?" चिऊने आधी भाव खाल्ला, मग म्हणाली, "खारं हाय काय?" दसऱ्यापर्यंत अख्खी बाग वऱ्हाडी बोलायला लागली. झोपाळ्यावरची ती मुलगीसुद्धा "मले दे ना बे" करून भांडायची. मला तर गुदगुल्या होत होत्या.

पण हे घराघरांत पोचलं. एका संध्याकाळी त्या पोरांतल्या अर्णवची आई बागेत आली, मागे आणखी दोघीजणी. "आजी, अर्णव काल त्याच्या बाबांना म्हणाला, काऊन बे! बाबांना 'का रे'!" यांनी पोरं पाठवणं बंद केलं की माझी चिऊ परत ग्रिलला. चिऊनेही माझा हात घट्ट धरला.

आत्याने बाकावर जागा केली. "बस वं माय. आधी खाऊ ओळखा, मंग भांडा." आणि तिच्या कानाशी डबा वाजवला.

बाई नाही म्हणता म्हणता बसल्या. "यात... मैदा आहे का?"

आत्या गप्प. डबाही गप्प. शेवटी चिऊ माझा हात सोडून पुढे झाली आणि तिने बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. बाई घसा खाकरून म्हणाल्या, "मैदा हाय काय?"

पोरं गवतावर लोळली. अर्णव तर हसून हसून रडला. त्याच्या आईलाही हसू आवरेना, आणि भांडण राहिलं बाजूला. डब्यात कानोले होते, म्हणजे यांच्या करंज्या. ओळखेपर्यंत दिवे लागले. आत्याने अर्णवला मात्र दम भरला, "बे बरोबरीच्याले म्हनाव. बापाले म्हनशीन तं तुले खाऊ नाही."

कोजागरी झाली आणि आत्या निघाली. रिक्षा फाटकाशी उभी, पिशव्या आत ठेवलेल्या. चिऊ बागेत लंगडी खेळत होती. मी ओरडले, "चिऊ, आत्याआजी निघाली गं!"

"थांब ना, मले डाव हाय!" ती तिकडूनच ओरडली आणि लंगडत कुणाच्या तरी मागे गेली.

मी तिला धरून आणायला निघाले, तर आत्याने माझा पदर ओढला. "बलावू नको. पोरीचा डाव मोडू नये." कुंपणाशी जराशी उभी राहिली, मग येऊन रिक्षात बसली; स्टेशनपर्यंत मीही सोबत. रिक्षा वळली तशी ती एकदम रडायला लागली, तेही तिच्या त्याच खणखणीत आवाजात. रिक्षावाल्याने दचकून ब्रेक मारला. मी तिला जवळ घेतलं.

"अगं आत्या, ती खेळते आहे. हेच तर हवं होतं ना तुला?"

"हाव, याच्यासाठीच तं आली होती मी," आत्या नाक पुसत म्हणाली. "पन एकदा तरी मांगं पाहाचं ना पोट्टीनं!"