चूक कुणाची ते न विचारणारा विमा

लेम्पी हार्यूला बोलायचा भारी कंटाळा. अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या, मूळच्या फिनलंडच्या आम्हा फिन लोकांत तो काही दुर्गुण समजत नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढताना "घे" आणि "पुरे" एवढ्या दोन शब्दांवर तिने सगळी नोकरी काढली. पण गाडीच्या विम्याचा विषय निघाला की बाईच्या तोंडाला खळ नसे. चर्चमधल्या कॉफीला तिच्या शेजारी बसायला लोक घाबरत.

त्याला कारण तिचा नवरा, अर्विद. त्यांचा मुलगा एरो तेव्हा पाळण्यात होता. बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवता चालवता अर्विद थर्मासचं झाकण उघडायला गेला आणि गाडी घसरून ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकवर आदळली. ट्रकवाल्याचा गुडघा फुटला, अर्विदची मान मोडली. मानेखाली जे शरीर लुळं पडलं ते कायमचं. चूक सोळा आणे अर्विदची होती, हे लेम्पीला ठाऊक होतं.

आमच्याकडे अशा वेळी सगळं हरणावर ढकलतात. हरणं रस्त्यात येतातच, आणि साक्षीला कधी येत नाहीत. इस्पितळाच्या बाकावर बसून लेम्पीने "हरीण आडवं आलं" हे एक वाक्य मनात घोकून ठेवलं. जन्मात खोटं न बोललेली बाई ती. विमा कंपनीची बाई आली तशी लेम्पीने न विचारताच हरीण सोडलं.

"हरीण असू दे नाहीतर हत्ती," ती बाई म्हणाली. "औषधपाण्यासाठी चूक कुणाची ते आम्ही बघत नाही. तुमचा विमा तुमच्या माणसाचं बघतो. यांना काय काय लागेल तेवढं सांगा."

लेम्पी रडली, ती तिथे. मग घरात वर-खाली होणारा पलंग आला, दारं रुंद झाली, खुर्चीसकट माणूस आत जाईल अशी गाडी आली, नर्स आली. नवऱ्याची शुश्रूषा करायचे लेम्पीलाच पैसे मिळू लागले. तेव्हा राज्यात प्रत्येकाच्याच विम्यात हे आयुष्यभर, अमर्याद असायचं. दरवर्षी तिला वाटे, आता बस म्हणतील. कुणीच म्हणालं नाही. देवाच्या दयेला तरी पश्चात्तापाची अट असते, इथे तीही नव्हती! तिचं हे आश्चर्य कधी ओसरलंच नाही.

पुढे कायदा बदलला. अर्विदचं जुनं तसंच चालू राहिलं, पण नवा विमा घेणाऱ्याला मर्यादा निवडता येऊ लागली. मर्यादा कमी, तसा हप्ता कमी. आणि एका शनिवारी, सौना म्हणजे आमची वाफेची न्हाणी तापत असताना, एरोची मुलगी कायसा आपल्या पहिल्यावहिल्या जुन्या गाडीचा विमा काढायला फोन घेऊन अर्विदच्या पलंगाशेजारी बसली. कॉलेजसाठी ती आजीआजोबांकडे, म्हणजे तिच्या मुम्मू आणि पाप्पाकडेच राहत होती.

"मुम्मू, दुसऱ्यांच्या नुकसानीचं सगळ्यात कमीचं घेते हं."

"घेशील! तुझ्यामुळे कुणाला जबर लागलं आणि त्याने कोर्टात खेचलं, तर तिथे मात्र चूक विचारतात. त्या ट्रकवाल्याच्या गुडघ्याचे पैसे कुठून गेले? मर्यादा कमी असती तर हे घर गेलं असतं."

"बरं बाई, ते मोठं घेते. पण माझ्या स्वतःच्या उपचाराला अडीच लाख डॉलर बास. मी काय राजवाड्यात आजारी पडणारेय? आणि मी सावकाश चालवते."

"अगं, चालवण्याचा प्रश्नच नाही..." लेम्पीने तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला या विषयावर शब्द सापडेनात. या पोरीला असं पडलेलं पाहायचं, आणि वर कुणीतरी बस म्हणायचं, या विचाराच्या पुढे तिला जाताच येईना.

"किती म्हणालीस?" अर्विदने छताकडे बघत विचारलं. अपघाताबद्दल तो कधी चकार शब्द काढत नसे.

"अडीच लाख, पाप्पा."

"माझे अडीच लाख त्या साली बर्फ वितळायच्या आत संपले होते, पोरी. तुझ्या बापाला दात यायचे होते."

एरोचं पहिलं पाऊल याच पलंगाला धरून पडलं होतं. त्याच्या लग्नात अर्विद खुर्चीतून मिरवला होता. लेम्पीला आत्ता कळलं: हे गणित त्याने एकट्याने, इतकी वर्षं पडल्या पडल्या मांडलं होतं.

"म्हणजे मी..." कायसाने फोन मांडीवर ठेवला.

"तुला जन्मल्या जन्मल्या माझ्या छातीवर ठेवली होती," अर्विद म्हणाला. "तू तर फारच नंतरची. अडीच लाखांत मी तुझ्यापर्यंत पोचलोच नसतो."